कवड्यांचा पट्टा

(मालेगावच्या वाटेवरची तिसरी विहीर. हिवाळ्याची सकाळ. हेमला पुढे, त्याची बायको सुंदरबाई मागे. तिच्या उजव्या मनगटाला हळद लावून चिंधी बांधलेली.)

हेमला : अशी दुरून नको पाहू. वाक. नीट वाकून पाह्य.

सुंदरबाई : वाकली त खरी. आखीन किती वाकू? अंदर पडू का?

हेमला : भाकरीचा तुकडा टाकला?

सुंदरबाई : टाकला. मासोळ्या आल्या खायाले. यायचं बरं हाये. तांड्यात कोनाले कुत्रं चावलं का यायची दिवाळी.

हेमला : तोंड दिसलं का पान्यात? तुह्यं तोंड?

सुंदरबाई : दिसलं.

हेमला : तुह्यंच?

सुंदरबाई : माह्यं नाई त काय नाईकाचं दिसन? कपाळावरचं गोंदन दिसलं, कानावरच्या चांदीच्या टोपल्या दिसल्या. झालं ना? तीन झाल्या. चला.

हेमला : तीन झाल्या, चार राह्यल्या. चवथी आमराईतली, पाचवी सडकेवरची, सहावी मालेगावच्या येशीजवळची. सातवी उस्मानभाईच्या आंगनातली.

सुंदरबाई : कोन उस्मानभाई? आपल्या गोधड्यायचा कापूस पिंजाले येते थो?

हेमला : थोच.

सुंदरबाई : सातवी इहीर पिंजाऱ्याच्या आंगनातली काहून? नाईकानं त म्हनलं होतं, जवळच्या सात करा. कुत्रं चावलं का सात इहिरीत डोकवा, भाकर टाका, इख उतरते. कोनाच्या आंगनातली पाह्यजे असं नाई म्हनलं.

हेमला : त्याच्या घराजवळून अकोल्याची मोटार निंगते.

सुंदरबाई : म्हंजे इहिरी दाखवाले नाई आनलं तुमी मले. सुया टोचाले नेऊन राह्यले.

हेमला : दोन्ही करू. इहिरीनं उतरलं त इहिरीनं उतरन, सुईनं उतरलं त सुईनं.

सुंदरबाई : चवदा सुया. पोटात. भुरीबाईच्या दिराले देल्ल्या होत्या, पोट टरबुजावानी फुगलं होतं त्याचं. वरून चवदा दिवस अकोल्याच्या धरमशाळेत पडून राहा लागते. बकऱ्या कोन पाहीन?

हेमला : पाहीन कोनी बी.

सुंदरबाई : पाहनारा होता थो गेला.

हेमला : चाल. ऊन होते.

सुंदरबाई : घ्या, बोललेच. पाच दिवस झाले, कमलीचे बाप. काबऱ्या मले चावला त्याले पाच दिवस, आन तुमच्या तोंडाले कुलूप लागलं त्याले बी पाच दिवस. आज उघडलं त काय, वाक, पाह्य, भाकर टाक, चाल.

हेमला : मी आधीपासूनच कमी बोलतो.

सुंदरबाई : माह्यासंगं कमी बोलता. त्याच्यासंगं बोलाचे ना? रेल्वेच्या लाईनीवरून माती खोदून आले का घंटाभर चाले तुमचं. आज मुकादम असा बोलला, आज पहारीचं टोक वाकलं, आज सोमल्याच्या पायावर धोंडा पडला. माह्यापर्यंत कधी नाई आलं थे. मी चुलीजवळ बसून आयकत होती. म्हनलं, कुत्र्याले सांगतीन त मले बी समजन.

हेमला : थो मधात बोलत नव्हता.

सुंदरबाई : बोला. मारा टोमने. तुमी बोलले एवढं पुरे मले.

हेमला : टोमना नाई. खरं सांगून राह्यलो. मान तिरपी करून आयके. एक कान खाली, एक कान वर.

सुंदरबाई : माहीत हाये मले. कमली नांदाले गेली शेलूबाजारकडं, तवा तिच्या गाडीमांगं दोन कोस पयत गेला. परत आला त तळपायाचं कातडं निंगालेलं. तीन दिवस तिच्या गोधडीवरून हालला नाई. तुमी म्हनलं, राहू दे, भूक लागली का खाईन. दुधात भाकर कुस्करून बोटानं त्याच्या तोंडात कोनी घातली? मीच ना? तुमाले वाटते, मले त्याची माया नव्हती.

हेमला : मी काई म्हनलं?

सुंदरबाई : नाई म्हनलं. म्हनूनच त लागते. चार शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं.

हेमला : आमराई आली. इथल्या पायऱ्यायले शेवाळ हाये. रहाटाचं लाकूड धर आन वाक.

सुंदरबाई : धरलं.

हेमला : भाकर?

सुंदरबाई : टाकली.

हेमला : दिसलं का तोंड?

सुंदरबाई : नाई.

हेमला : पानी हाललं असन. जराक थांबून पाह्य.

सुंदरबाई : पानी निवांत हाये. मले काबऱ्या दिसला.

हेमला : काय बोलून राह्यली?

सुंदरबाई : काबऱ्या. तुमी आता सांगितलं तसाच. एक कान खाली, एक वर.

हेमला : सुंदर, इकडं ये. बस इथी, झाडाले टेकून बस. तुले माहीत हाये ना, इहिरीत कुत्रं दिसलं म्हंजे लोक काय समजतात थे? गळा आवळल्यावानी वाटते का? घे, पानी पे. पे म्हनतो ना.

सुंदरबाई : द्या इकडं.

हेमला : सावकाश.

सुंदरबाई : पेली. पाहा, आख्खा तांब्या पेली. ठसका बी नाई लागला.

हेमला : मंग असं अभद्र कायले बोलली?

सुंदरबाई : दिसला म्हनून बोलली. पयल्या इहिरीत बी थोच दिसला, दुसरीत बी, तिसरीत बी. गोंदन दिसलं म्हनलं थे खोटं म्हनलं मी. पिसाळली म्हनून नाई दिसत मले थो. माह्यं मन मले खाऊन राह्यलं म्हनून दिसते.

हेमला : उठ. मोटार जाईन.

सुंदरबाई : जाऊ द्या मोटार. आज मी बोलतो, तुमी आयका. थो बसल्या बसल्या नाई चावला मले.

हेमला : बोल.

सुंदरबाई : त्याचा मागचा पाय दुखून राह्यला होता पंधरा दिवसांपासून. उचलून उचलून चाले. गोमतीबाई म्हने, लचक भरली, डाग दे, आठ दिवसांत सशामांगं पयते का नाई पाह्य. मी तुमाले इचारलं होतं.

हेमला : मी नाई म्हनलं होतं.

सुंदरबाई : नाई म्हनलं होतं. कुडतं वर करून पोट दाखवलं होतं. तुमी म्हनलं, हे पाच डाग मायनं पोटदुखीवर देल्ले, मी तीन वर्साचा होतो, मले अजून याद हाये. माह्या कुत्र्याले कोनी डाग द्याचा नाई.

हेमला : मंग?

सुंदरबाई : मंग तुमी लाईनीवर गेले. मी घमेल्यात गोवऱ्यायचा इस्तो घेतला, इळा तापोला लाल होईस्तोवर. काबऱ्याले हाक मारली. आला बिचारा लंगडत. मांडीखाली दाबला त निरा गप पडून राह्यला. त्याले वाटलं असन, काटा काढते. शेपूट हालवून राह्यला होता, कमलीचे बाप. पयला डाग देल्ला तवा किकाटला, पन चावला नाई. नुसतं पाह्यलं माह्याकडं. मी म्हनलं, एकानं काय होते, दोन पाह्यजेत. दुसरा देल्ला, तवा चावला.

हेमला : हं.

सुंदरबाई : मी बोंबलली. बाया जमल्या. कोनी म्हनलं, काहून चावला वं? माह्या तोंडातून निंगून गेलं, बसल्या बसल्या चावला. इस्तो मी आधीच चुलीत लोटला होता.

हेमला : काहून?

सुंदरबाई : तुमी रागावसान म्हनून. दुसरं काई नाई. तुमच्या रागाले भेली मी. मले वाटलं, त्याले दोन शिव्या पडतीन, एखादी काठी पडन, सरलं. मले काय माहीत, का त्याच्या तीन दिवसांआधी प्रेमसिंग नाईकाच्या वासराले पिसाळलेलं कोल्हं चावून गेलं, थे साऱ्यायच्या डोक्यात बसलं हाये. घडीभरात पंच बसले. कुत्रं पिसाळलं, ज्याचं त्यानं मारावं.

हेमला : तू तथीच बसून होती.

सुंदरबाई : होती. पदर तोंडात कोंबून. दोन डाव उठली, दोन डाव बसली. म्हनलं, आता सांगतो, आता सांगतो. तवर तुमी दोरी घेऊन निंगाले बी. आले त हातात नुसता पट्टा. त्याले मी मारलं. काठी तुमच्या हातात होती, पन मारलं मी.

हेमला : झालं बोलून?

सुंदरबाई : झालं. तुमाले राग नाई आला?

हेमला : आला होता. पाच दिवसांपासून हाये.

सुंदरबाई : पाच दिवसांपासून? मी आता सांगितलं, आन तुमाले पाच दिवसांपासून?

हेमला : उठ आता.

सुंदरबाई : नाई उठत. मंग मले बी एक इचारू द्या. हा पाहा पट्टा. पाच दिवसांपासून माह्या कमरेले हाये. कवड्या मी गोवल्या, गोंडे मी लावले, आन याची गाठ मी दातानं आवळली होती. काट्याकुट्यात अडकून निंगू नये म्हनून. मेलेल्या जनावराच्या गळ्यातून पट्टा काढा लागला त मानूस कापून काढते. ही गाठ कोनी तरी नखानं सोडली. बसून, सावकाश. एक कवडी नाई तुटली. रगताचा ठिपका नाई.

हेमला : तू पाह्यलं थे?

सुंदरबाई : रोज पाह्यतो. पाह्यतो आन म्हनतो, ज्याले मारायचं त्याची गाठ इतक्या मायेनं कोन सोडते? मंग वाटते, नाई, माह्या मनाचा खेळ हाये. मंग पुन्ना पाह्यतो.

हेमला : नाल्यावर नेलं त्याले. काठी उचलली. म्हनलं, आधी पाहून त घेऊ, कोल्ह्याचा दात कुठी लागला. सारं आंग चाचपलं. दात कुठीच नाई लागलेला. मागच्या फऱ्यावर केस जळालेले. दोन डाग. ताजे.

सुंदरबाई : म्हंजे तुमाले तवाच समजलं.

हेमला : इळा घरचा हाये. त्याची पात वळखतो मी.

सुंदरबाई : मंग परत काहून नाई आले? पंचायले सांगाचं होतं.

हेमला : काय सांगू? भर पंचात उभा राहून सांगू, माह्यी बायको खोटं बोलली? तांड्यात तोंड दाखवाले जागा राह्यली असती का तुले? म्हनलं, सांगन थे आपल्या तोंडानं. एक दिवस वाट पाह्यली, दोन दिवस पाह्यली. मंग मले बी जिद आली.

सुंदरबाई : आन मी वाट पाहून राह्यली, का तुमी सांगसान, मारला नाई म्हनून.

हेमला : दोघं बी शायने.

सुंदरबाई : कुठी हाये थो?

हेमला : सातव्या इहिरीवर.

सुंदरबाई : उस्मानभाईकडं? जिता?

हेमला : परवाच्या आधी सांगावा आला होता, चांगला हाये म्हनून. आता रडू नको. वाटेनं लोक जाऊन राह्यले.

सुंदरबाई : जाऊ द्या लोकायले. थो जिता हाये, डागाच्या दुखान्यानं चावला, मंग मले इहिरी कायले दाखवून राह्यले? सुया कायले?

हेमला : थो डागानं चावला हे खरं. पन कोल्हं तांड्यात शिरलं तवा सारी कुत्री त्याच्यामांगं पयाली होती, हा बी पयाला. लंगडा पाय घेऊन पयाला. मले दात नाई दिसला, पन त्याचे केस दाट हायेत. एखादा ओरखडा राहून गेला असन त? कुत्र्याच्या बाबतीत मी चुकलो त चालन. तुह्या बाबतीत मले खातरी पाह्यजे.

सुंदरबाई : एवढं बोलाले पाच दिवस लागले तुमाले.

हेमला : तुले बी तेवढेच लागले. चाल, पाचवी आन सहावी बी पाहून घेऊ. तांड्यातून सात सांगून निंगालो, त सात करू.

सुंदरबाई : चला. पाय उचला, तुमीच हळू चालून राह्यले.

हेमला : सहावी बी झाली, हे आलं त्याचं घर. उस्मानभाई, ओ उस्मानभाई. घरी हाये का?

उस्मान : कोन? हेमलादादा? या, या. सलाम भाबी. खुदानंच धाडलं तुमाले. मी आता तुमच्याच तांड्यावर मानूस धाडाच्या बेतात होतो. बसा ओट्यावर. कुलसुम दार नाई उघडनार, वाईट नका वाटून घेऊ. लेकरं घेऊन कालपासून अंदर कडी लावून बसली हाये.

हेमला : काय झालं?

उस्मान : सांगतो. बसा त खरं. दादा, तुमी आनून बांधला तवा जनावर बेस होतं. निरा गरीब. माह्या पिंजनाचा आवाज आयकून मान तिरपी करे. माह्या लहान पोरीनं त्याच्या आंगावर कापूस टाकला त बकरीवानी दिसे. पयले दोन दिवस खाल्लं, पेलं. परवा बिघडलं. भाकर सुंगते आन सोडते. पान्याचा त थेंब नाई. पानी समोर ठेवलं का मांगं सरते, दात दाखवते, थरथर कापते. मी कापसाचा मानूस, मले कुत्र्यातलं काय समजते? म्हनून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबाले इचारलं. त्यायची गादी मीच भरतो.

हेमला : काय म्हनले थे?

उस्मान : म्हनले, कुत्रं जितं ठेवलं हे लाख मोलाचं केलं. मारलं असतं त काईच समजलं नसतं. चावल्यापासून दहा दिवस बांधून पाहा. खाऊन पेऊन राह्यलं त बाईले भेव नाई. पन पान्याले भेलं, का त्याच दिवशीच्या मोटारीनं बाईले अकोल्याले धाडा. एक दिवस बी थांबू नका.

हेमला : मोटार कवा हाये?

उस्मान : घंटाभर हाये अजून. आन दादा, दुसरी गोठ. शेजारचा चांद दांडा घेऊन बसला हाये. वाईट मानूस नाई, त्याच्या बी घरी लेकरं हायेत. मीच त्याले धरून ठेवलं, मालक येऊ दे म्हनून.

हेमला : सुंदर, तू ओट्यावरच बस. मी त्याले पाहून येतो. मंग मोटारीवर जाऊ.

सुंदरबाई : मले दिसून राह्यला थो इथून. निंबाखाली. पोट पाठीले लागलं. उस्मानभाई, पयले दोन दिवस पेला म्हनता. आन परवापासून नाई?

उस्मान : परवापासून नाई. अल्लाची कसम.

सुंदरबाई : परवा काय झालं होतं?

उस्मान : काई नाई झालं. कोनी मारलं नाई, हात बी नाई लावला.

सुंदरबाई : पानी कशात देता?

उस्मान : आदी फुटक्या मडक्याची खापर होती, तिच्यात देत होतो. परवा कुलसुमच्या हातून थे फुटली. घरातलं भांडं कुत्र्याले कसं द्याचं? मंग चुना कालवाचं घमेलं होतं, थे घासून पुसून ठेवलं. चांगलं हाये, भोक बी नाई त्याले.

सुंदरबाई : लोखंडाचं?

उस्मान : घमेलं आनखी कशाचं असते, भाबी?

सुंदरबाई : थे घमेलं उचला तिथून. आवाज नका करू. त्याच्या नजरेआड न्या. कमलीचे बाप, म्या इस्तो घमेल्यात घेतला होता. त्याच्या नाकासमोर होतं थे, मी इळा तापवून राह्यली होती तवर. त्यानं सारं पाह्यलं.

हेमला : तू म्हनते, पान्याले नाई भेऊन राह्यला थो.

सुंदरबाई : मले माहीत नाई. मी देवाशपथ सांगतो, मले माहीत नाई. पन पाहू त द्या. मातीचं काई हाये का, उस्मानभाई?

उस्मान : कोंबड्यायले पानी ठेवाचं परळ हाये.

सुंदरबाई : थेच द्या. पानी मी काढतो.

हेमला : काढता काढता पाहून घे. सातवी हाये.

सुंदरबाई : पाह्यलं. काई नाई दिसलं. बालटीनं पानी ढवळलं.

हेमला : आन इकडं परळ. तू नको येऊ.

सुंदरबाई : तुमीच न्या. माह्या हाताले थो भेईन.

उस्मान : दादा, दोरीच्या आवाक्यात नका जाऊ. लांबूनच काठीनं लोटा.

हेमला : काठी नको. काबऱ्या. ए काबऱ्या. पाह्य कोन आलं.

उस्मान : गुरगुरून राह्यला, दादा.

हेमला : माह्यावर नाई. तुमच्या हातातल्या घमेल्यावर. मांगं व्हा तुमी.

उस्मान : झालो. घरामांगं ठेवलं. लो, शेपटीचं टोक हाललं त्याच्या.

हेमला : हे घमेलं नाई, बावा. सुंग. मातीचं हाये. लाईनीवरची माती सुंगतो ना माह्या पायाची? तशीच माती हाये. सुंग.

सुंदरबाई : कमलीचे बाप?

हेमला : गप.

सुंदरबाई : तुमच्या पाठीआड मले दिसत नाई. काय करून राह्यला?

हेमला : नाक लावलं.

सुंदरबाई : मांगं सरला का?

हेमला : नाई.

सुंदरबाई : पेते का, सांगा ना.

हेमला : पेऊन राह्यला.

उस्मान : या अल्ला. आवाज आयका त्याचा, कसा लपलप. कुलसुम, दार उघड वं. चांदभाईले म्हना, दांडा ठेव खाली. परळ चाटून कोरडं केलं त्यानं. भाबी, आखीन बालटी काढा. भाबी, रडून नंतर घ्या.

सुंदरबाई : काढतो. काढतो ना.

हेमला : उस्मानभाई, डॉक्टरसाहेबायले हे सारं सांगाले पाह्यजे. आता का आता.

उस्मान : मी जातो त्यायच्याकडं. डागाचं बी सांगतो, घमेल्याचं बी सांगतो. थे म्हनतीन तसं करू. पन मले आयकू आलं थे असंच होतं, दादा. पेऊन राह्यलं त दहा दिवस पाहा. पाच झाले, पाच राह्यले.

हेमला : मंग याले घरी नेतो. तिथंच पाहू.

सुंदरबाई : घरी कुठी नेता? तांड्यासाठी थो मेला हाये. शिवेवरच धोंडे मारतीन त्याले, तुमी तोंड उघडाच्या आधी. पाच दिवस इथंच राह्यते थो. मी बी राह्यतो. कुलसुमले इचारा, ओसरीत जागा देते का मले.

उस्मान : जागा इचारून घेता काय, भाबी? घर तुमचं हाये. निरा त्याचं भांडं वेगळं ठेवजा.

हेमला : तू राह्यसीन इथी? त्याच्याजवळ? आन उद्या त्यानं पुन्ना पानी सोडलं त?

सुंदरबाई : त उद्याच्या मोटारीनं मी अकोल्याले. मोटार त रोज हाये. उस्मानभाई बसवून देतीन.

हेमला : मी तांड्यात काय सांगू? अकोल्याले गेली सांगू?

सुंदरबाई : नाई. खोटं सांगून सांगून पाच दिवस घरात मेल्यावानी राह्यलो आपन. नाईकाले सांगा, पाच दिवसानं पंच बसवा. मी काबऱ्याले घेऊन येतो. थो जिता आला त मी बी जिती आली असं समजा. मंग इळा कोनी तापोला थे मी माह्या तोंडानं सांगतो.

हेमला : बाया हासतीन. नाईक चार गोठी सुनावन. मले बी सुनावन.

सुंदरबाई : सुनावू द्या. काबऱ्यानं दोन डाग सोसले, मी चार गोठी नाई आयकू?

हेमला : आन पाच दिवसांत काई इपरीत झालं त? थो नाई आला, तू नाई आली, त?

सुंदरबाई : त तुमी एकले उभे राहून सांगजा. पन खरं सांगजा. कुत्रं पिसाळलं होतं असं तरी सांगू नका.

हेमला : तशी येळ नाई येनार.

सुंदरबाई : नाई येनार. तुमी रोज याल ना?

हेमला : लाईनीवरून सुटलो का येतो. जवळ पडते.

सुंदरबाई : त्याच्यासंगं बोलाले?

हेमला : तू बी बसजो. मधात बोलू नको म्हंजे झालं.

सुंदरबाई : बरं. आता हा पट्टा घाला त्याच्या गळ्यात. तुमीच घाला. मी बालटी घेऊन गेली तवा कसा निंबाच्या बुडाशी सरकला, पाह्यलं ना?

हेमला : इसरन थो. पाच दिवसांत इसरन.

सुंदरबाई : नाई इसरला तरी चालते. माह्या हातचं पानी पेलं म्हंजे बस.

हेमला : गाठ कशी मारू?

सुंदरबाई : सैल. दोन बोटं जातीन अशी.